चंद्र एक दिवस उशिरा यायला हवा होता

माझा धंदा लोकांना ‘हलू नका’ म्हणण्याचा. कामरगावात बसथांब्याच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, साखरपुडे, बारसे, मयताच्या फोटोला हार घालून फ्रेम करणे, सगळे काही. माझ्या एका ‘हलू नका’वर हवालदारापासून नवऱ्या मुलीपर्यंत सगळे दगड होऊन बसलेले आहेत. असा माणूस पन्नाशीकडे झुकताना दुर्बिणीच्या नादी लागला आणि त्याला पहिले गिऱ्हाईक कोण मिळाले? गुरू ग्रह. मी दुर्बीण लावली, कॅमेरा जोडला, श्वास रोखला आणि गुरू महाराज पडद्याच्या एका कडेने आले, दुसऱ्या कडेने निघून गेले. एवढ्या मोठ्या नावाचा ग्रह, पण दोन मिनिटे एका जागी बसायची सवय नाही.

आता तो गेला असे म्हणणे चूक आहे. तो जागेवरच असतो, आपणच पृथ्वीसकट फिरत असतो, हे मला शाळेपासून पाठ आहे. पण दुर्बिणीला डोळा लावून बसल्यावर माणूस शाळेचे ऐकत नाही. मी त्याला चक्क म्हणालो, “अहो, हलू नका!”

हळूहळू जमले. ग्रहाचा फोटो एका क्लिकमध्ये निघत नाही, हे कळायला मला एक आख्खा हिवाळा लागला. हवा पाण्यासारखी हलत असते, तिच्यातून ग्रह तळ्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो. म्हणून त्याची फिल्म काढायची, त्यातली हजारो चित्रे सुटी करायची, हवा क्षणभर शांत होती तेव्हाची तेवढी निवडायची आणि एकावर एक रचायची. बायकोला मी समजावले, “वऱ्हाडाचा ग्रुप फोटो पाह्यला ना? पन्नास काढतो तेव्हा एकात सगळ्यांचे डोळे उघडे सापडतात. तसंच.”

ती म्हणाली, “वऱ्हाडाचे पैसे तरी येतात.”

सुरुवातीला मी दुर्बीण गावाबाहेर, एका ओळखीच्याच्या हरभऱ्याच्या वावरात लावायचो. तिथे दिवे नाहीत, धूळ कमी. पण आमच्या भागात तिपाईवर नळी लावून उभा असलेला माणूस लोकांनी एकाच कामासाठी पाहिलेला आहे. महामार्गाच्या मोजणीसाठी. पहिल्याच संध्याकाळी चार माणसे बांधावर येऊन उभी राहिली. एकाने विचारले, “साहेब, रस्ता कुठून काढून राह्यले?” मी म्हणालो, “मी शनी पाहून राह्यलो.” त्यांनी एकमेकांकडे पाहिले. दुसरा हळूच म्हणाला, “सांगत नाहीत बाप्पा हे लोक. आधीच्यानंही नव्हतं सांगितलं.” दुसऱ्या दिवशी त्या वावराच्या शेजारच्याने बांधावर घाईघाईने आंब्याची कलमे लावली. झाडांचा मोबदला वेगळा मिळतो ना! आज ते आंबे चांगले कमरेएवढे आहेत आणि रस्ता अजून यायचा आहे. मी मात्र दुर्बीण उचलून स्टुडिओच्या गच्चीवर आणली.

गच्चीवर आणल्यामुळे मला मास्टर मिळाला.

मास्टर म्हणजे माझ्या शेजारच्या गाळ्यातला टेलर. वीस-बावीस वर्षांचा शेजार. त्याच्या मशीनची घरघर माझ्या स्टुडिओच्या भिंतीतून येते आणि माझ्या गिऱ्हाइकांची भांडणे त्याच्याकडे जातात. खरे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची अम्मीसुद्धा त्याला मास्टर म्हणते. दुर्बिणीच्या नळीत रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड शिरत होता, म्हणून मी त्याच्याकडे काळ्या कापडाची खोळ शिवायला गेलो. त्याने गळ्यातला टेप काढला, नळीला मिठी मारली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “छाती अन् कंबर एकच हाय हिची. खांदे नाईच. फिटिंग ठेवू का ढिली?” बुरख्याचे उरलेले कापड लावून त्याने अशी खोळ शिवली की दुर्बीण एकदम घरंदाज दिसू लागली.

खोळ चढवायला तो गच्चीवर आला आणि मी त्याला शनी दाखवला. मास्टरने डोळा लावला. मग नळीच्या पुढच्या तोंडाकडे जाऊन बघून आला.

“काय पाह्यतं?”

“चित्र चिपकवलं का तू समोर?”

“नाही बे. खराच आहे.”

पुन्हा डोळा लावला. “अल्ला! ह्याले तं काठ लावेल हाय. अन् काठ कुठीच टाचला नाई. ना वरतून, ना खालतून. कसा राह्यते मंग हा?”

मी शनीच्या कड्यांबद्दल इतके काही वाचले आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या दिवसापासून दुकान बंद करून मास्टर रोज वर यायचा. मी कॅमेरा सांभाळायचो, तो दुर्बिणीचा बारीक स्क्रू फिरवून ग्रह पडद्यावर धरून ठेवायचा. त्याचा हात शिलाईचा, झटका नाही. आणि नजर तर विचारू नका. गावात सुई ओवून घ्यायला म्हाताऱ्या बायका त्याच्याकडे येतात. कॅमेऱ्याच्या काचेवर कण बसला की पडद्यावर डाग दिसतो. डाग आकाशातला की आपला, हे ओळखायची रीतही मी त्याला शिकवली. दुर्बीण थोडी हलवायची. आकाशातली वस्तू सरकते, आपला कचरा जिथल्या तिथे राहतो. मास्टरला ती रीत फार आवडली. “माणसाईलेही लावून पाह्यली पाह्यजे,” म्हणाला.

आता रमजान. रमजानात टेलरची एक पद्धत असते. अर्धा महिना उलटला की ऑर्डर घेणे बंद. दुकानासमोर पाटी लागते आणि नंतर सासरा आला तरी त्याला हात जोडून परत पाठवतात. कारण इदीचा कपडा हा काही दिवाळीसारखा नाही की नरक चतुर्दशीला नाही तर पाडव्याला घातला. सकाळची नमाज, त्याआधी अंगावर कपडा. बस. त्यानंतर तो कपडा म्हणजे नुसते कापड. “इदीले कपडा नाई भेटला तं त्या घरचं लेकरू रडते,” मास्टर सांगायचा, “अन् ते रडणं लोक बापाच्या नावानं नाई, टेलरच्या नावानं लक्षात ठेवतात.”

त्यात अलीकडे गिऱ्हाइके रेडिमेडकडे वळली होती. कारंजाला गेले, अमरावतीला गेले, पिशवी भरून कपडे घेऊन आले. मास्टरच्या बंद पाटीकडे पाहायलाही कोणी नव्हते. पण त्या वर्षी काय झाले कोणास ठाऊक, रेडिमेडच्या बाह्या लोकांना टोचू लागल्या असतील, जुनी गिऱ्हाइके एकेक करून कापड काखेत मारून परत आली. तीही पाटी लागल्यावर. मास्टरला नाही म्हणवेना. रुसून गेलेले माणूस दारात परत आले आहे, त्याला पाटी कशी दाखवायची? त्याने पाटी उलटी करून भिंतीला टेकवली आणि टेप काढला.

“अबे, पुरते का तुले?” मी विचारले.

“पुरते. मागचा चांद एकोणतीसचा झाला. मंग हा तीसचाच. एक टाका घट्ट, एक टाका ढिला, असंच चालते ते वर.”

“असं काही नसते मास्टर. लागोपाठ दोन एकोणतीसचेही होतात.”

“तू पाहून सांग मंग. एकोणतिसाव्या रोजाले दिसन का?”

एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही तर आणखी एक रोजा. मी गणित पाहिले. चंद्र त्या संध्याकाळी फार बारीक आणि फार खाली असणार होता, त्यात गव्हाच्या मळणीची धूळ. मी म्हणालो, “अवघड आहे.”

शास्त्रात ‘अवघड’चा एक अर्थ असतो आणि ऑर्डर घेऊन बसलेल्या टेलरकडे दुसरा. मास्टर उठून उभा राहिला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि समोरून येणाऱ्या आणखी एका गिऱ्हाइकाच्या हातातले कापड स्वतः पुढे होऊन घेतले.

एकोणतिसावा रोजा आला. मास्टरच्या दुकानात कापलेले कुर्ते ढिगाने पडलेले, शिवलेले हँगरला आणि दोघांमधले अंतर बरेच. एक दिवस जास्त मिळाला तर निवांत पुरे होणार होते. नाही मिळाला तर काय, हे तो बोलत नव्हता आणि मी विचारत नव्हतो.

पण मी दुर्बीण मात्र लावली. आता ह्यात माझा काय दोष? इतका कोवळा चंद्र मी आजवर टिपला नव्हता. आकाशाचे फोटो काढणाऱ्याला असा चंद्र म्हणजे वाघ. दिसेल न दिसेल, पण मचाणावर बसायचेच. ऊन उतरता उतरता मी पश्चिमेकडे तोंड करून तिपाई उभी केली. मास्टर खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन वर आला. चेहरा रोज्याने सुकलेला, पण नजर दुर्बिणीवर.

“लावलीच तू.”

“लावली.”

“नाई दिसनार म्हणे ना?”

“अवघड आहे म्हणलो होतो.”

“अवघडच राहू दे,” तो म्हणाला आणि खाली बसला.

सूर्य मावळला. मशिदीतून आवाज आला, मास्टरने खजूर तोंडात टाकला, एक माझ्या हातावर ठेवला. मग त्याने गच्चीच्या कोपऱ्यात चादर अंथरली आणि नमाजला उभा राहिला. आजूबाजूच्या गच्च्या अजून रिकाम्या होत्या. सगळे नमाज आटोपून वर येणार होते.

पश्चिमेला शुक्र उजळ दिसत होता. त्याच्यावरून अंदाज घेत मी दुर्बीण खाली आणली. पडद्यावर मातकट तांबूस उजेड, दुसरे काही नाही. मी कॅमेऱ्याचा उजेड-अंधार वरखाली करत राहिलो. आणखी थोडे खाली. आणखी डावीकडे. आणि एकदम ती दिसली. एक रेघ. पाळण्यासारखी आडवी पडलेली, मधेमधे तुटलेली, जणू कोणी खडूचा तुकडा संपता संपता ओढली असावी. माझ्या तोंडून आवाज निघाला असता तर बसथांब्यापर्यंत गेला असता. मी तळहात तोंडावर दाबला. बोट मात्र आपोआप बटणावर गेले होते. फिल्म सुरू झाली होती.

माझ्या पुढ्यात चंद्र, माझ्या पाठीमागे नमाज. गावात त्या क्षणी ही गोष्ट फक्त मला माहीत होती. मी आयुष्यात पुष्कळ नाटके केली आहेत, रडक्या पोराला हसवण्यासाठी टेबलाखाली कोंबडा झालो आहे. पण चेहरा कोरा ठेवण्याचे नाटक मला कधीच जमले नाही.

मास्टरने नमाज संपवून सलाम फिरवला, वळून माझ्याकडे पाहिले आणि तिथूनच म्हणाला, “दिसला.”

“ये. पाह्य.”

तो पडद्याजवळ आला. वाकला. “हा कचरा असन तुया काचेवरचा.”

“असेल.”

“काल पुसली होती का?”

“नव्हती.”

त्याचा चेहरा एकदम उजळला. मग त्यानेच हात पुढे केला आणि दुर्बिणीचा स्क्रू किंचित फिरवला. मी शिकवलेली रीत. पडद्यावरची रेघ अलगद सरकली, कडेपर्यंत गेली. मास्टरने स्क्रू उलटा फिरवला. रेघ परत आली.

“काय मालूम कोणं शिकवलं मले हे,” तो म्हणाला.

एव्हाना गच्च्या भरल्या होत्या. सगळे पश्चिमेकडे हात करून एकमेकांना मोबाइलचा टॉवर दाखवत होते. शेजारच्या गच्चीवर चाचा उभे होते. चाचा म्हणजे मशिदीतले बुजुर्ग, चांद झाला की नाही हे आमच्याकडे त्यांच्या शब्दावर ठरते. त्यांनी हाक मारली, “क्यों मास्टर, काई दिसते का तुमच्या तोफेतून?”

मी तोंड उघडायच्या आत मास्टर म्हणाला, “चाचा, मशीनचं धरता का तुमी?”

“मशीनचं कायले धरू? फोटो गवाही देते का? डोळ्यानं पाह्यलेला पाह्यजे.”

मास्टरने माझ्याकडे पाहिले. मी मास्टरकडे. सुटकेचे दार उघडे होते. फोटो गवाही देत नाही, चाचा स्वतःच म्हणाले होते. त्याने फक्त एवढेच करायचे होते, की आकाशाकडे न पाहता जिना उतरून दुकानात जायचे. मी म्हणालो, “तू जा खाली. मी तर काही गवाह होत नाही.”

तो निघाला. खरेच निघाला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर गेला, थांबला, आणि भिंतीवरच्या खिळ्याला काहीतरी शिवी देऊन परत आला. दुर्बिणीच्या नळीला गाल लावला आणि ती जिकडे रोखलेली होती, त्या दिशेने नुसत्या डोळ्याने पाहू लागला. मी श्वास रोखला. लोक माझ्यासमोर श्वास रोखतात, तसा.

“काय?”

“हाय.”

“नक्की?”

“हाय ना. शुक्राच्या खाली, टॉवरच्या डाव्या अंगाले.” मग आवाज एकदम खाली आणून तो म्हणाला, “पन लय बारीक हाय भाऊ. इदीपुरता नाई वाटत.”

मला असे हसू फुटले की मी तिपाईला धरून खाली बसलो. तोही हसला. रोज्याने थकलेला माणूस पोट धरधरून हसला, डोळे पुसले, गच्चीच्या कठड्याशी गेला आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून असा ओरडला की समोरच्या निंबावरचे बगळे उडाले. “चाचा! चांद! टॉवरच्या डाव्या बाजूनं पाहा! चांद मुबारक!”

चाचांनी चश्मा पुसला, पाहिले, दिसला नाही. मास्टर ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर उडी मारून गेला, त्यांच्या मागे उभा राहिला आणि त्यांचे डोके दोन्ही हातांनी धरून थेट चंद्राकडे वळवले, माप घेताना वळवतो तसे. “सब्र करा. आता पाहा.” चाचा पाहत राहिले. मग त्यांचे ओठ हलू लागले. थोड्या वेळाने बाहेरगावचे फोनही आलेच, पण आमच्या गावात पहिला आवाज मास्टरचा. भोंग्यावरून जाहीर झाले, पोरांनी फटाके लावले, आणि ज्या माणसाने चांद आणला तो कुर्त्यांच्या ढिगासमोर डोके धरून बसला.

“भाऊ,” तो म्हणाला, “तोंड कायले उघडलं असन मी?”

मग जे झाले ते मी पाहिलेल्या कोणत्याही ग्रहणापेक्षा मोठे होते. ज्यांचे कपडे राहिले होते तेच लोक चांद मुबारक म्हणायला दुकानात आले, ढीग पाहिला आणि चपला काढून आत बसले. भांडायला नाही. कोणी काज करू लागला, कोणी दोरे कापू लागला. भाबी, म्हणजे मास्टरची बायको, घरचे मशीन डोक्यावर घेऊन आली. माझी बायको इस्त्री घेऊन आली आणि येता येता मला म्हणाली, “तुमचं झालं का पाहून? मंग बसा आता.” चाचा खुर्ची टाकून बसले आणि कोणाचा कुर्ता आधी, कोणाचा नंतर ह्यावर निकाल देऊ लागले. “याच्या लेकराचा आधी. हा स्वतः चालवून घेईल. अन् त्याचा शेवटी, तो मागच्या वर्षी मले हलवा द्यायचा विसरला.”

मला बटणे लावायला दिली. मी ग्रह पडद्याच्या मधोमध आणू शकतो, पण बटण काजासमोर आणणे ही वेगळी विद्या आहे. मास्टरने एकदा माझे काम पाहिले आणि “चालते” म्हणाला. ज्या आवाजात मी पासपोर्ट फोटोला ‘छान आला’ म्हणतो, त्या आवाजात. पहाटेच्या आधी शेवटचा कुर्ता हँगरवरून उतरला. ढिगाच्या जागी फरशी दिसत होती.

इदीच्या सकाळी नमाजनंतर माझ्या स्टुडिओत रांग लागते. नवे कपडे, सुरमा, अत्तर, पोरांच्या हातात इदीच्या नोटा. मी कॅमेऱ्यामागे उभा राहिलो आणि पहिल्याच फोटोत थांबलो. समोरच्या माणसाचा कुर्ता एका खांद्याकडे चढलेला होता. दुसरा आला, त्याचाही. तिसरा माणूस तर नुसता उभा राहूनही वाकल्यासारखा दिसत होता.

“भाऊ, जरा सरळ उभे राहा,” मी म्हणालो.

“सरळच हाय,” तो म्हणाला. “बटनं कोणं लावले ते विचारा.”

सगळी रांग हसली. दारात मास्टर उभा होता. रात्रभर जागलेले डोळे, अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता, सगळ्यांत सरळ. तो प्रत्येक कुर्त्याकडे बघत होता, बाही, कॉलर, घेर, आणि प्रत्येक माणूस दारातून जाताना त्याला छातीशी धरत होता. जुनी रुसलेली गिऱ्हाइके, ज्यांच्यासाठी त्याने पाटी उलटी केली होती, ती तर दोनदा मिठी मारून गेली.

“मास्टर,” मी म्हणालो, “तुझे कुर्ते वाकडे जाऊन राह्यले.”

“जाऊ दे,” तो म्हणाला. “इदीले गेले तं.”

मी रांगेकडे वळलो, घसा खाकरला आणि ठणकावून म्हणालो, “हलू नका!” कोणी ऐकले नाही. सगळे हसत होते, हलत होते, आणि मी तसेच सगळ्यांचे फोटो काढले.